क्रॉन की सिस्टीमडी टायमर? ‘परवानगी नाकारली’ ती नेमकी कोणी, एवढाच माझा प्रश्न

क्रॉन म्हणजे लिनक्सवर ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्रॅम. त्याच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, सलग ९ रात्री एकच ओळ होती: २ वाजून १५ मिनिटांनी बॅकअपची कमांड चालवली. बॅकअपच्या डिरेक्टरीत मात्र त्या ९ रात्रींची एकही फाइल नव्हती. दहाव्या दिवशी एका सहकाऱ्याला जुना डेटा परत हवा होता म्हणून मी तिथे डोकावले. त्याने मागितला नसता तर आणखी किती रात्री तशाच गेल्या असत्या, या विचाराने आजही पोटात गोळा येतो.

कारण शोधायला अर्धा दिवस लागला. जॉबच्या, म्हणजे ठरल्या वेळी चालणाऱ्या कामाच्या, ओळीत शेवटी ‘आउटपुट अमुक लॉग फाइलला जोड’ असं लिहिलेलं होतं, आपण सगळेच लिहितो तसं. जॉब चालायचा तो बॅकअपसाठी केलेल्या वेगळ्या युजरच्या नावाने. मधल्या काळात कुणीतरी लॉगरोटेटचा (जुने लॉग बाजूला ठेवून नवी फाइल उघडणाऱ्या प्रोग्रॅमचा) नियम बदलताना नवी फाइल रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी युजरच्या, मालकीची, परवानगी ०६४० (लिहिणं फक्त मालकाला), असं ठरवून टाकलं. आठवड्याचा लॉग फिरला, रिकामी नवी फाइल रूटच्या नावावर झाली आणि बॅकअपच्या युजरला तिच्यात लिहिता येईना. इथवर चूक साधी आहे. पण शेल, म्हणजे कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम, आधी आउटपुटची फाइल उघडतं आणि मगच कमांड सुरू करतं. फाइल उघडली नाही तर कमांड सुरूच होत नाही. म्हणजे बॅकअप मध्येच तुटला नव्हता, त्याला सुरुवातच झाली नव्हती. शेलने तक्रार केली होती. क्रॉनने ती मेलने पाठवायला घेतली, सर्व्हरवर मेल पाठवणारा प्रोग्रॅम बसवलेला नव्हता, म्हणून ती टाकून दिली. कमांड चालवल्याची नोंद तर क्रॉनने त्याआधीच करून ठेवलेली होती.

त्या आठवड्यात मी ठरवलं की महत्त्वाचे जॉब सिस्टीमडी, म्हणजे लिनक्सवरच्या सेवा चालवणाऱ्या व्यवस्थेच्या, टायमरवर न्यायचे. ४१ पैकी ३३ नेले. त्याला आता १४ महिने झाले. वेळ किती अचूक पाळतो, सिंटॅक्स किती सोपा, यावर मी इथे फारसं बोलणार नाही. जॉबला वाटेत कुणी अडवलं तर अडवणारा कोण हे मला किती लवकर आणि किती नेमकं कळतं, या एका कसोटीवर मी दोघांना घासून पाहिलं आहे.

क्रॉनवर माझा राग नाही. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत तो होता. आज लिनक्सवर आपण जो वापरतो त्याचं मूळ पॉल विक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेल्या क्रॉनमध्ये आहे, आणि रेड हॅटच्या घराण्यातला क्रॉनी हा २००७ मध्ये त्यालाच फुटलेला फाटा. पाच रकाने आणि एक कमांड, एवढ्यात काम होतं. नव्याने आलेल्या मुलाला दहा मिनिटांत शिकवता येतं. हा गुण लहान नाही.

पण प्रवेशाच्या बाबतीत क्रॉनच्या वाटेवर किती दारं आहेत, हे त्या एका ओळीवरून दिसत नाही. पहिलं दार परवानगीच्या याद्यांचं. क्रॉन डॉट अलाऊ ही फाइल असेल तर तिच्यात नाव असलेल्यांनाच क्रॉनटॅब, म्हणजे आपल्या जॉबची यादी, वापरता येतो. ती नसेल तर क्रॉन डॉट डिनाय पाहिली जाते. दोन्ही नसतील तर डेबियनवर सगळ्यांना मोकळीक, आणि क्रॉनीवर फक्त रूटला. एका डिस्ट्रोवरून दुसऱ्यावर सर्व्हर हलवताना हे लक्षात राहिलं नाही तर ‘तुम्हाला हा प्रोग्रॅम वापरायची मुभा नाही’ असा निरोप येतो. हा निरोप तरी स्वच्छ आहे, समोर बसलेल्या माणसाला लगेच दिसतो. म्हणून या दाराची मला भीती वाटत नाही.

दुसरं दार पॅमचं, म्हणजे कोणत्या खात्याला प्रवेश द्यायचा हे ठरवणाऱ्या लिनक्सच्या व्यवस्थेचं, आणि तिथे मी जास्त रात्री घालवल्या आहेत. क्रॉन जॉब सुरू करण्यापूर्वी पॅमला विचारतो की हे खातं चालू आहे ना. आमच्याकडे एकदा सुरक्षा तपासणीनंतर सगळ्या युजरना ९० दिवसांची पासवर्ड मुदत लावली गेली. माणसांनी आपापले पासवर्ड बदलले. रिपोर्ट बनवणाऱ्या जॉबचा युजर हा माणूस नव्हता. त्याने कधी लॉगिन केलंच नाही, त्यामुळे पासवर्ड बदलण्याची सूचनाही त्याला कधी दिसली नाही. ९० दिवस भरले आणि त्या रात्रीपासून त्याचे सगळे जॉब एकदम थांबले. स्क्रिप्ट तीच, परवानग्या त्याच. मी सुडोने त्या युजरचं नाव धारण करून स्क्रिप्ट हाताने चालवली तर ती व्यवस्थित चालली, आणि त्यामुळे मी आणखी भलतीकडे गेले. शेवटी क्रॉनच्या स्वतःच्या लॉगमध्ये पॅमची ओळ दिसली: ऑथेंटिकेशन टोकन आता वैध नाही, नवं हवं. चेज कमांडला उणे एल देऊन त्या युजरची मुदत पाहिली आणि उलगडा झाला. सर्व्हिससाठी केलेल्या खात्यावरची मुदत काढून टाकली की झालं. त्याच घराण्यातली दुसरी अडचण अॅक्सेस डॉट कॉन्फ या फाइलची. तिथे कुणी ‘ठरावीक लोक सोडून सगळ्यांना मनाई’ असा कडक नियम लिहिला आणि क्रॉनसाठी वेगळी ओळ घातली नाही, तर तोही जॉब पॅमवरच अडतो आणि लॉगमध्ये नुसतं ‘परमिशन डिनाइड’ उरतं. ते वाचणारा प्रत्येक जण आधी स्क्रिप्टची परवानगी तपासतो. मीही तेच केलं होतं.

याच्या पुढची दारं छोटी आहेत पण संख्येने पुष्कळ. क्रॉन डॉट डी या सिस्टीमच्या जॉबच्या डिरेक्टरीतली फाइल रूटच्या मालकीची नसेल किंवा ग्रुपला लिहिता येत असेल तर ती सोडून दिली जाते. डेबियनवर त्या फाइलच्या नावात टिंब असेल तरीही तेच. डेबियनवरच रोजच्या जॉबच्या डिरेक्टरीत तुम्ही हौसेने डॉट एसएच लावून स्क्रिप्ट ठेवली की ती कधीच चालत नाही, आणि चूक म्हणून काहीही नोंदवलं जात नाही. क्रॉनचा पाथ (कमांड शोधायच्या डिरेक्टरींची यादी) बहुतेक ठिकाणी दोनच डिरेक्टरींचा असतो, त्यामुळे तुमच्या टर्मिनलवर सापडणारी कमांड त्याला सापडत नाही. एसएसएचची, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरवर शिरण्याची, किल्ली तुमच्या एजंटमध्ये (किल्ल्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) असते, क्रॉनला त्या एजंटचा पत्ता माहीत नसतो, मग दुसऱ्या सर्व्हरने ‘पब्लिक की’ म्हणत नकार दिला की दोष त्या सर्व्हरवर ढकलला जातो.

आता टायमर.

मांडणीतला फरक आधी सांगते, कारण बाकी सगळं त्यातून येतं. क्रॉनमध्ये वेळ आणि काम एका ओळीत असतात. इथे वेळ टायमरच्या फाइलमध्ये आणि काम सर्व्हिसच्या फाइलमध्ये. सुरुवातीला हे फार जड वाटतं. ३३ जॉब म्हणजे ६६ फाइली, आणि पहिला आठवडा मी कंटाळून गेले होते हे खरं. पण काम ही वेगळी सर्व्हिस झाल्यामुळे ते मला भर दुपारी, टायमरची वाट न बघता, रात्री जसं चालणार अगदी तसंच चालवून पाहता येतं. तोच युजर, तेच वातावरण, तीच बंधनं. क्रॉनमध्ये हे करायला मी रिकामं वातावरण, दोन डिरेक्टरींचा पाथ आणि साधं शेल असा सगळा थाट हाताने उभा करायचे, आणि तरी पॅमचं दार त्यात यायचंच नाही. परवानगीची चूक शोधताना ‘हाताने चालतं, आपोआप चालत नाही’ हे वाक्य ज्याने शंभर वेळा ऐकलं आहे त्याला याची किंमत कळेल.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या लेखी सगळ्यात मोठी: सिस्टीमडी अडलेल्या पायरीचं नाव सांगतो. प्रोसेस सुरू करताना तो एकेक पायरी चढतो. युजर बदलणं, डिरेक्टरीत जाणं, फाइल सिस्टीमची खास मांडणी करणं, आणि शेवटी प्रोग्रॅम चालवणं. ज्या पायरीवर पाय घसरला तिचा आकडा जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमडीच्या लॉगमध्ये, येतो. २१७ आला तर युनिटमध्ये, म्हणजे सर्व्हिसच्या फाइलमध्ये, लिहिलेला युजर सापडला नाही, २१६ म्हणजे ग्रुपची भानगड. २०० म्हणजे कामाच्या डिरेक्टरीत शिरता आलं नाही. २२६ म्हणजे बंधनांची मांडणी करताना अडचण आली. माझ्याकडे हा बहुतेक वेळा लिहिण्याची मुभा दिलेली एखादी डिरेक्टरी मुळात अस्तित्वातच नसल्याने आला. आणि २०३ म्हणजे प्रोग्रॅमच चालवता आला नाही.

२०३ बद्दल थोडं थांबून सांगते, कारण १४ महिन्यांत मला सगळ्यात जास्त तोच भेटला. पहिला संशय चालवण्याच्या परवानगीचा घ्यावा, तो बिट नसतो तेव्हा उपाय सोपा. बिट असूनही २०३ आला तर स्क्रिप्टची पहिली ओळ पाहावी, तिथे लिहिलेला इंटरप्रिटर (स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) त्या सर्व्हरवर त्या जागी आहे का. विंडोजवर संपादित केलेल्या फाइलमध्ये त्या ओळीच्या शेवटी न दिसणारं एक अक्षर चिकटून येतं आणि इंटरप्रिटरचं नावच बदलतं. ते तपासलं की माउंट, म्हणजे डिस्कचा तो भाग कसा जोडला आहे ते, पाहावं. नोएक्झेक (चालवायला मनाई) लावलेल्या विभाजनावरून रूटलाही थेट प्रोग्रॅम चालवता येत नाही. त्यानंतर नेमआय ही कमांड उणे एल देऊन चालवावी. मुळापासून फाइलपर्यंत वाटेतल्या प्रत्येक डिरेक्टरीचा मालक आणि परवानगी ती एकाखाली एक लिहून देते. आमच्या एका प्रकरणात स्क्रिप्टला ७५५ होती, तिच्या डिरेक्टरीलाही होती, आणि दोन पायऱ्या वरच्या डिरेक्टरीला ७५० होती, म्हणजे मालक आणि ग्रुप सोडून बाकीच्यांना मज्जाव. फाइलवर कितीही उदार परवानगी असली तरी वाटेतल्या प्रत्येक डिरेक्टरीतून जाण्याचा हक्क लागतो. सीएचमॉड ७७७ (सगळ्यांना सगळं खुलं) मारून मोकळं होणारे लोक इथे हरतात, आणि हरल्यावर ते ७७७ तसंच मागे राहतं, ही त्याहून वाईट गोष्ट.

हे सगळं ठीक असेल आणि तरी २०३ असेल तर एसईलिनक्स, म्हणजे फाइलींवरच्या लेबलांवरून वेगळी परवानगी तपासणारी सुरक्षा व्यवस्था. स्क्रिप्ट घरच्या डिरेक्टरीत लिहिली, नीट चालते असं पाहिलं आणि एमव्ही करून योग्य जागी हलवली, तर ती आपलं जुनं लेबल सोबत घेऊन जाते. कॉपी केली असती तर नव्या जागेचं लेबल मिळालं असतं. सिस्टीमडीला घरच्या लेबलची फाइल चालवू दिली जात नाही आणि निरोप तोच, ‘परमिशन डिनाइड’. इथे टायमर आणि क्रॉन दोघेही तुम्हाला एसईलिनक्सचं नाव सांगत नाहीत. ऑडिटच्या लॉगमध्ये एव्हीसीची, म्हणजे एसईलिनक्सच्या नकाराची, नोंद शोधावी लागते. रीस्टोअरकॉनने लेबल दुरुस्त झालं की जॉब निमूट चालतो. एसईलिनक्स बंद करून टाकणं हा उपाय नाही, हे मी दर वेळी भांडून सांगते.

टायमरच्या कौतुकाचा भाग इथे संपतो. आता तक्रारी, आणि त्या खऱ्या आहेत.

पहिली. सिस्टीमडी तुम्हाला नवी कुलुपं देतो, आणि ती कुलुपं ओळखीच्या साधनांना दिसत नाहीत. मी सुरुवातीला एका जुन्या सर्व्हिसमधली कडक सुरक्षेची फाइल उचलून सगळ्या जॉबना नमुना म्हणून लावली. त्यात प्रोटेक्टहोम होतं, प्रोटेक्टसिस्टीम स्ट्रिक्ट होतं, प्रायव्हेटटीएमपी होतं. परिणाम असा की रिपोर्टच्या जॉबला घरच्या डिरेक्टरीतली सेटिंगची फाइल दिसेना, निर्यातीच्या जॉबला ‘फाइल सिस्टीम फक्त वाचण्यापुरती’ असा निरोप मिळू लागला, आणि दोन जॉब टीएमपीमधून एकमेकांना फाइल देत होते त्यांची ताटातूट झाली, कारण प्रत्येकाला आपला वेगळा टीएमपी मिळाला होता. मी एलएस मारून बघते तर फाइल जागेवर, परवानगी बरोबर. एक अख्खा दिवस गेला. मग सिस्टीमडी-रन वापरून, त्याच युजरने आणि तीच बंधनं लावून, एक शेल उघडलं आणि आतून पाहिलं. तेव्हा डोळ्यांना दिसलं की जॉबच्या जगात ती डिरेक्टरी रिकामी आहे. आता मी बंधनं एकेक करून लावते, प्रत्येकानंतर सर्व्हिस हाताने चालवते, आणि लिहिण्याची जागा लागणार असेल तर ती रीडराइटपाथ्समध्ये किंवा स्टेटडिरेक्टरी म्हणून आधीच जाहीर करते. ही बंधनं मूळ स्थितीत बंद असतात, हेही सांगायला हवं. मीच लावली होती.

दुसरी तक्रार पॅमची, आणि ती उलट्या बाजूने येते. सिस्टीम पातळीवरच्या सर्व्हिसमध्ये युजर लिहिला तरी पॅमनेम वेगळं लिहिल्याशिवाय पॅमला विचारलं जात नाही. त्यामुळे पासवर्डची मुदत संपली म्हणून रात्रीचा जॉब थांबणं बंद झालं, आणि मी सुटकेचा श्वास टाकला. पण नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं खातं मुदत संपवून बंद केलं की क्रॉनमधले त्याचे जॉब आपोआप थांबायचे. टायमरमधले थांबत नाहीत. आम्ही आता खातं बंद करण्याच्या कामांच्या यादीत ‘या नावाने चालणारी युनिट शोधा’ अशी ओळ घातली आहे. ज्यांच्याकडे अशी यादी नाही त्यांनी टायमरवर जाण्याआधी ती करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तिसरी: लॉग वाचण्याची परवानगी. जर्नल चांगलं आहे, पण साध्या युजरला सिस्टीमच्या सर्व्हिसचं जर्नल दिसत नाही. आमच्या डेव्हलपरना स्वतःच्या जॉबची चूक वाचायला माझ्याकडे यावं लागायचं. त्यांना सिस्टीमडी-जर्नल या ग्रुपमध्ये घातलं तेव्हा प्रश्न सुटला, पण त्यामुळे त्यांना बाकी सगळंही दिसू लागलं, आणि हे मला अजून पूर्ण पटलेलं नाही. शिवाय व्हार-लॉगमध्ये जर्नल नावाची डिरेक्टरी नसेल तर स्टोरेजचं सेटिंग ऑटो असताना जर्नल मेमरीत राहतं आणि रीबूटनंतर पुसलं जातं. रात्री जॉब फसला, पहाटे सर्व्हर रीबूट झाला, सकाळी पुरावा नाही. नव्या सर्व्हरवर ही डिरेक्टरी मी पहिल्या तासात बनवते.

चौथी युजर टायमरची. साध्या युजरने आपल्या खात्यात बनवलेले टायमर तो लॉगआउट झाला की थांबतात, लिंगर (लॉगआउटनंतरही चालू ठेवण्याची सोय) चालू केलं नसेल तर. आणि लिंगर चालू असेल तर त्या युजरचा मॅनेजर (त्याच्यासाठीचा वेगळा सिस्टीमडी) आठवडेच्या आठवडे जिवंत राहतो, सुरू झाला तेव्हाचे ग्रुप धरून. तुम्ही त्याला आज नव्या ग्रुपमध्ये घातलं, आयडी कमांड नवा ग्रुप दाखवते, आणि जॉब मात्र नकार खात राहतो. मॅनेजर पुन्हा सुरू केला की चालतं. क्रॉन दर जॉबला ग्रुप नव्याने वाचतो, इथे तो सरस आहे. म्हणून मी युजर टायमर वापरतच नाही, सिस्टीमची सर्व्हिस करून त्यात युजरचं नाव लिहिते.

बाकीचं भराभर. पर्सिस्टंट लावलं तर सर्व्हर बंद असताना चुकलेला जॉब नंतर उचलला जातो. वेळेत मूळ स्थितीला एका मिनिटापर्यंत ढिलाई असते, नको असेल तर बदलता येते. लिस्ट-टायमर्स ही कमांड मागची आणि पुढची वेळ एका नजरेत दाखवते. सुरू टायमर करायचा असतो, सर्व्हिस नाही, आणि फाइल बदलल्यावर डेमन-रीलोड विसरायचं नाही. जॉब फसल्यावर आपणहून मेल येत नाही. ऑनफेल्युअरमध्ये निरोप पाठवणारं वेगळं युनिट जोडावं लागतं. ते मी एकदाच लिहिलं आणि ३३ जागी जोडलं. क्रॉनचं मेल निदान कल्पनेत तरी आपोआप होतं.

पाच तारे द्यायचे असतील तर टायमरला चार. क्रॉनला, याच कसोटीवर, दोन. उरलेले ८ जॉब मी क्रॉनमध्येच ठेवले आहेत: जुन्या फाइली झाडणं, कॅशे साफ करणं, असे. एखाद्या रात्री चालले नाहीत तर कुणाचं अडत नाही. त्या प्रत्येक ओळीतून लॉग फाइलची जोड काढली आणि तिच्या जागी सिस्टीमच्या लॉगमध्ये लिहिणाऱ्या लॉगर कमांडला पाइप दिला, म्हणजे उघडायला फाइलच उरली नाही. बॅकअपचा जॉब मात्र सगळ्यात आधी हलवला होता. रात्री २ वाजून १५ मिनिटांनी तो अजूनही चालतो, आणि सकाळी आल्यावर मी जर्नलमध्ये त्याचं शेवटचं पान बघते, मग बॅकअपच्या डिरेक्टरीत जाऊन आजच्या तारखेची फाइल आणि तिचा आकार बघते.